जुना भाजक

६ मार्च

ऑफिसच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज चार ओळी लिहा. मी विचारलं, कशाबद्दल? म्हणाले, जे वाटतं त्याबद्दल. मी म्हटलं, काही वाटत नाही हीच तर तक्रार आहे. मग ते म्हणाले, तेच लिहा.

तर, काही वाटत नाही. एक ओळ झाली.

ही गेली त्याला आज बावीस दिवस झाले. ही म्हणजे माझी बायको. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. १२ फेब्रुवारीला दुपारी एका गिऱ्हाइकाला “आता खालची ओळ वाचा” म्हणाली आणि तिथेच कलंडली. डोक्यातली शीर फुटली होती. मी पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं. ते गिऱ्हाईक अजून तिथेच होतं. त्याने मला सांगितलं की ती ओळ त्याला वाचता येत होती. का सांगितलं कोण जाणे. मी “बरं” म्हटलं.

मी रडलो नाही. लोकांना वाटलं, धीराचा माणूस आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडून बघितली असती तर आत काहीच नव्हतं.

घरात आता मी आणि बटण. बटण ही माझी मुलगी, वय सोळा. दीड वर्षाची असताना माझ्या कोटाचं बटण गिळलं होतं. दोन दिवसांनी ते बाहेर आलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. चार ओळींपेक्षा जास्त झालं. बस.

८ मार्च

मी शेअर बाजारात नोकरी करतो म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. काय घेऊ, आणि कधी विकू. मला दोन्हींची उत्तरं ठाऊक नाहीत. मी निर्देशांक विभागात आहे. बाजारात शेकडो कंपन्या असतात. त्यातल्या तीस निवडायच्या, त्यांच्या सगळ्या शेअर्सच्या किमतीची बेरीज करायची आणि तिला एका संख्येने भागायचं. जो आकडा येतो तो निर्देशांक. बातम्यांत “आज बाजार वर गेला” असं सांगतात तेव्हा हा आकडा वर गेलेला असतो. बाकीच्यांचं काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

ज्या संख्येने भागायचं तिला भाजक म्हणतात. भाजक सांभाळणं हे माझं काम. एकोणीस वर्षं तेच करतो आहे.

तिसांतली एखादी कंपनी काढून दुसरी घेतली की बेरीज एकदम बदलते. पण आकड्याने उडी मारता कामा नये, कारण त्या क्षणी बाजारात कोणी काही विकलेलंही नसतं आणि घेतलेलंही नसतं. म्हणून भाजक असा बदलायचा की आकडा होता तिथेच राहील. कोण गेलं, कोण आलं, आकडा बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. पत्ता लागला नाही म्हणजे काम चोख झालं.

घरीही अशी एक वही आहे. बारा वर्षांपूर्वी या घरात राहायला आलो त्या दिवशी ही म्हणाली, “एवढे आकडे मोडतोस तर आपल्या घराचा एक काढ की.” घटक चार ठरले: ही, मी, बटण आणि घर. संध्याकाळी ज्याने त्याने स्वतःला दहापैकी गुण द्यायचे. घराचे गुण सगळ्यांनी मिळून ठरवायचे. कोणाचं वजन किती ते हिने ठरवलं. हिचं पन्नास, माझं वीस, बटणचं वीस, घराचं दहा. मी कुरकुर केली, “निम्मं वजन एकटीचं?” तर म्हणाली, “मी रुसले की घर बसतं. तू रुसलास तर कळतं तरी का कोणाला?”

नियमाला धरूनच होतं. मोठ्या कंपनीचं वजन मोठं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आठ-आठ गुण दिले. बटण तेव्हा चार वर्षांची, तिने बोटं दाखवली. बेरीज आठशे, भाजक आठ, आकडा शंभर.

११ फेब्रुवारीची बेरीज सातशे सत्तर होती आणि आकडा ९६.२५. तेरा तारखेला पाहुणे गेल्यावर मी वही काढली आणि हिचं नाव वगळलं. बेरीज उरली तीनशे सत्तर. नवा भाजक ३.८४४१५६. आकडा ९६.२५. उडी नाही.

हे का केलं असं डॉक्टरांनी विचारलं तर मला सांगता येणार नाही. दुसरं काय करायचं ते मला येत नव्हतं.

११ मार्च

पोस्टमास्तरांचा फोन. निवृत्त गृहस्थ आहेत, बाजार बंद झाला की चार वाजता न चुकता करतात. इतर लोक अशांना टाळतात. माझ्याकडे टाळण्याइतकाही उत्साह नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

“निर्देशांक सव्वा टक्का वर म्हणताय, साहेब?”

“हो.”

“माझे सातच्या सात शेअर खाली आहेत.”

“असू शकतं, मास्तर. आज दोन बँका आणि एक तेल कंपनी चढली. त्या तिघींचं वजन एक तृतीयांशाहून जास्त आहे. बाकीच्या सत्तावीस जागच्या हलल्या नाहीत तरी आकडा चढतो.”

“म्हणजे घरातला कर्ता जेवला की सगळं घर जेवलं, असं धरायचं?”

“साधारण तसंच.”

“मग हा आकडा मला सांगतो तरी काय?”

“तुमच्याबद्दल काहीच नाही. बाजाराचा एकंदर कल सांगतो. तुमचे शेअर त्या कलाच्या पुढे आहेत की मागे, एवढं ताडून बघता येतं.”

“माझी काचवाली तरी तिसांत आहे ना अजून?” काचवाली म्हणजे काच तयार करणारी कंपनी. निवृत्तीचे निम्मे पैसे त्यांनी तिच्यात घातलेत. कारण विचारलं तर म्हणाले होते, तिसांत बसवलंय म्हणजे चालचलणूक बघूनच बसवलं असेल. मी म्हटलं, आहे अजून.

आकडा ९६.२५.

१६ मार्च

मेहुणी आली होती. हिची धाकटी बहीण, बटणची मावशी. पाच तासांच्या अंतरावर राहते. मोठं घर, दोन मुली, नवरा, सासू, सगळे एकाच वेळी बोलतात.

“भावोजी, मी आडपडदा ठेवत नाही,” ती म्हणाली. “पोरीला माझ्याकडे पाठवा. शाळा घराच्या मागेच आहे. इथे ती काय भिंतींशी बोलणार? तुम्ही तर भिंतींपेक्षा गप्प.”

शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज तिने येतानाच बटणच्या शाळेतून आणला होता. पालकाची सही हवी. मे महिन्याच्या पाच तारखेला ती न्यायला येणार.

बटण टेबलाशी बटाटे सोलत होती. तिने हात थांबवून माझ्याकडे बघितलं.

“बाबा, तुला काय वाटतं?”

“तुला योग्य वाटेल ते कर,” मी म्हटलं. “माझी काही अडचण नाही.”

ती पुन्हा सोलायला लागली. सोललेलाच बटाटा परत सोलत होती. मी तसं सांगितलं तर म्हणाली, “असू दे.” मेहुणी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली आणि पाणी प्यायला उठली.

समंजस मुलगी आहे. आदळआपट केली नाही, रडली नाही. माझ्यावर गेली असावी.

२४ मार्च

स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला. डिसेंबरपासून गळत होता. नळ दुरुस्त करणारा म्हणाला, वायसर झिजलाय, दहा मिनिटांचं काम होतं, एवढे दिवस का थांबलात? घराचे गुण सातवरून आठ केले. बेरीज तीनशे ऐंशी, आकडा ९८.८५. सव्वा महिन्यात अडीचहून जास्त अंकांची वाढ.

बटण गुण सांगत नाही. विचारलं की म्हणते, “लिही काहीही.” काहीही हा काही आकडा नव्हे. आमच्याकडे एखाद्या शेअरचे व्यवहार थांबले तर त्याचा शेवटचा भाव धरतात. तिचा शेवटचा भाव ११ फेब्रुवारीचा, आठ. मी आठ लिहितो.

इतर नोंदी. ती हिचा करडा स्वेटर घालून असते, उकडत असलं तरी. शाळेतून फोन आला की गुरुवारी आणि शुक्रवारी ती वर्गात नव्हती. पण दोन्ही दिवस डबा घेऊन वेळेवर निघाली होती आणि डबा रिकामा परत आला होता, म्हणजे जेवण होतंय. कोपऱ्यावरचं लंगडं कुत्रं हल्ली तिच्यामागून थेट आमच्या दारापर्यंत येतं. चांगलं गुबगुबीत झालंय.

३ एप्रिल

सहामाही आढाव्याची बैठक. तिसांत कोण राहणार आणि कोण जाणार, ते या बैठकीत ठरतं. वीस मिनिटांत आटोपली. काचवाली जाणार. वर्षभरात तिचा भाव एक चतुर्थांशावर आला, आता ती तिसांत शोभत नाही. तिच्या जागी एक औषध कंपनी येणार. बदल ३० एप्रिलला बाजार बंद झाल्यावर.

मोठे साहेब म्हणाले, “पडक्यांना कुरवाळत बसलो तर निर्देशांकही पडका दिसेल.” सगळे हसले. मीही हसलो असेन.

चाळीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या तिसांतल्या आज पाचच उरल्या आहेत. आलेख मात्र सलग आहे, खालून वर. बघणाऱ्याला वाटावं, त्याच तीस जणी एकमेकींचा हात धरून चाळीस वर्षं डोंगर चढताहेत. मधे कोण कुठे घसरलं ते आलेखात नाही, आमच्या कपाटात आहे. तिसऱ्या खणात, वगळल्याच्या जुन्या नोटिशींच्या फायलीत.

पोस्टमास्तरांना आधी सांगता येत नाही. नियम आहे. चार वाजता फोन आला तेव्हा मी हवापाण्याबद्दल बोललो.

१४ एप्रिल

अर्जावर सही केली. “कारण” या रकान्यात मेहुणीने आधीच “कौटुंबिक” लिहून ठेवलं होतं. बटण समोर बसली होती. माझं पेन उमटेना. तिच्या हातात पेन होतं, पण तिने ते दिलं नाही. मी कोटातलं दुसरं काढलं.

“झाली?”

“झाली.”

तिने कागद बराच वेळ हातात धरला. “तुझी सही किती सारखी येते रे, बाबा. नोटिशींवर असते, अगदी तशीच.”

मी म्हटलं, सही सारखीच यायला हवी, नाहीतर बँक पैसे देत नाही. ती “हं” म्हणाली आणि अर्ज दप्तरात ठेवून आत गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायचा होता, तो तिने नऊ दिवसांनी दिला. शाळेची पोच आज, म्हणजे २३ तारखेला मिळाली, म्हणून हे वाक्य मागाहून घातलं आहे. विसरली असेल.

आकडा ९८.८५.

१९ एप्रिल

काही नाही. चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. अर्धा कप संपल्यावर लक्षात आलं. उरलेला प्यायलो.

३० एप्रिल

भाजक बदलण्याच्या दिवशी आमची रीत ठरलेली आहे. दोघांनी दोन खोल्यांत बसून स्वतंत्रपणे हिशोब करायचा आणि मग कागद शेजारी ठेवून जुळवायचे. सहाव्या दशांश स्थळापर्यंत जुळले पाहिजेत. माझ्या जोडीला अठरा वर्षं आमच्या विभागातल्या ताई आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. एवढ्या वर्षांत आमचे कागद एकदाही चुकले नव्हते.

आज जुळेनात. फरक दुसऱ्याच स्थळाला. मी पुन्हा केलं, तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा केलं, तेच. मोठे साहेब दारात येऊन घड्याळ बघून गेले.

शेवटी ताईंनी माझा कागद घेतला आणि ओळीवर बोट ठेवत खाली आल्या. बोट एकतिसाव्या ओळीवर थांबलं.

“तुम्ही नवी घेतलीत,” त्या म्हणाल्या, “पण काचवाली काढलीच नाहीत. तीनदा केलंत आणि तीनदा धरलीत.”

मी बघितलं. माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. पहिल्या वर्षाच्या उमेदवाराच्या हातूनही असं होत नाही.

“घरी जा,” त्या म्हणाल्या. “मी पूर्ण करते. घरी कोण आहे?”

“मुलगी आहे. पाच तारखेपर्यंत.”

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी ओळ खोडली आणि सही करून निघालो. निर्देशांकाने उडी मारली नाही.

२ मे

चार वाजता फोन.

“काढलीत, साहेब.”

“हो, मास्तर. मला आधी सांगता येत नव्हतं.”

“त्याबद्दल काही नाही. मीही कोणाची पत्रं फोडून कोणाला सांगितली नाहीत.” मग विचारलं, “ती गेली तेव्हा निर्देशांक किती पडला?”

“पडला नाही.”

“एका अंकानेही?”

“नाही. आम्ही भाजक बदलतो.” मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. बेरीज, भाजक, सलगपणा. घसरण चालू होती तोवर ती आकड्यात येत होती, पण वजन घटत गेल्याने पुसट; आता यापुढे ती कितीही घसरली तरी आकड्यात येणार नाही.

त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “समजलं. म्हणजे तुमचं काही चुकलेलं नाही.”

“नाही.”

“मी आकड्यावर विश्वास ठेवला, तो माझा दोष. पण साहेब, एक विचारू? माझं जे गेलं ते तुमच्या आकड्यात दिसत नाही, ठीक आहे. कुठेतरी दिसलं पाहिजे की नाही? कुठे बघू?”

मला तिसऱ्या खणातली फाईल आठवली. तोंडाने म्हटलं, “माहीत नाही, मास्तर.” एकोणीस वर्षांत फोनवर हे उत्तर मी पहिल्यांदा दिलं असेल. ते म्हणाले, “उद्या करतो,” आणि ठेवला.

३ मे

आजपासून तीन दिवस रजा. सकाळी दहाला उठून बाहेर आलो तर बटण टेबलाशी बसली होती. पुढ्यात घरची वही. बॅग भरताना हिच्या कपाटात आपल्या जुन्या वह्या शोधत होती, तिथे सापडली.

“बाबा, इकडे ये. हे मला समजत नाहीये.”

मी शेजारी बसलो. तिने दोन ओळींवर दोन बोटं ठेवली. “अकरा फेब्रुवारी, शहाण्णव पूर्णांक पंचवीस. तेरा फेब्रुवारी, शहाण्णव पूर्णांक पंचवीस. मधल्या दिवशी आई गेली ना?”

“हो.”

“मग?”

“भाजक बदलला,” मी म्हटलं. “घटक वगळला की बदलावा लागतो. नाहीतर आकडा एकदम खाली येतो.”

ती पानं उलटत राहिली. माझे सात, सात, सात. तिचे आठ, आठ, आठ. नळाच्या दिवसापाशी थांबली. “इथे आपण वर गेलो?”

“नळ दुरुस्त झाला.”

“आणि मला आठ कोणी दिले?”

“तू सांगत नव्हतीस. शेवटचा भाव धरला.”

तिने वही मिटली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

“परवा मी गेले की परत बदलशील?”

मी तोंड उघडलं. “हो” हे उत्तर तयार होतं. नियमाप्रमाणे बदलावाच लागेल. घटक उरतील दोन, मी आणि घर. बेरीज दोनशे वीस. नवा भाजक मला मनातल्या मनातही काढता आला असता. मी काढला. दोन पूर्णांक बावीस आणि काहीतरी. आकडा ९८.८५.

म्हणजे या घरात मी एकटा आणि एक न गळणारा नळ, आणि आकडा ९८.८५.

तिने उत्तराची वाट सोडली आणि उठून आत गेली. स्वेटरची एक बाही तिच्या खुर्चीच्या खिळ्याला अडकली आणि लोकर ओढली गेली. तो धागा खिळ्याला राहिला. मी तो काढायला गेलो आणि हातात घेऊन तसाच बसलो. हिने तो स्वेटर तीन हिवाळे विणला. दर हिवाळ्यात उसवायची, म्हणायची, माप चुकलं. शेवटी तिसऱ्या वर्षी म्हणाली, आता चुकलेलाच घालते.

रडलो. इथे लिहितो आहे कारण डॉक्टरांनी लिहायला सांगितलं आहे. आवाज झाला. पहिल्यांदा कुणाचा आवाज येतोय ते मलाच कळेना. बटण दारात येऊन उभी राहिली. जवळ आली नाही, आणि परतही गेली नाही.

४ मे

सकाळी चहा करताना म्हटलं, “जाऊ नकोस.”

तिने कप खाली ठेवला. “आता? सोळा मार्चला विचारलं होतं तुला. दीड महिना झाला.”

“माहीत आहे.”

“मावशीने माझ्यासाठी खोली रंगवलीय. दाखल्याचं काम झालंय. वरातीमागून घोडं आणतोस तू.”

“घोडं तर घोडं. जाऊ नकोस. मी मावशीला फोन करतो. शाळेत जातो.”

ती खिडकीबाहेर बघत होती. “तुला एकट्याला कंटाळा येईल म्हणून?”

“नाही,” मी म्हटलं. “तू हवी आहेस म्हणून.” वाक्य फार लहान होतं. दीड महिना ते कुठे होतं, मला सांगता येत नाही.

ती म्हणाली, “आधी शाळेत जाऊन ये. मग बघू.”

शाळेच्या कार्यालयात एक बाई होत्या, पुढ्यात शिक्के आणि अर्धवट खाल्लेलं सफरचंद. दाखल्याचा अर्ज मागे घ्यायचा आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, “अर्ज मागे घ्यायचा तर त्यासाठी अर्ज करावा लागेल.” मी केला. “कारण” या रकान्यात लिहिलं: मला ती घरी हवी आहे.

बाईंनी वाचलं. “असं नसतं लिहायचं. कारणं ठरलेली आहेत. बदली, आर्थिक, वैद्यकीय, कौटुंबिक. हे कौटुंबिकमध्ये जाईल की. तेवढंच लिहा.”

“जाईल,” मी म्हटलं, “पण हे असंच राहू दे.”

“साहेब चिडतात.”

“चिडू देत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शिक्का मारला. बाहेर पडलो. फाटकाशी ते लंगडं कुत्रं बसलं होतं. माझ्या हातात डबा नाही हे बघून त्याने मान फिरवली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मार्चपासून डबा कोण खात होतं. डोक्यात प्रकाश पडायला मला कुत्र्याची मदत लागली.

५ मे

मेहुणी ठरल्याप्रमाणे आली. फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी आली. “गाडी ठरवली होती, पैसे फुकट जातील म्हणून आले,” म्हणाली. मग माझ्यावर बरसली. रंगवलेली खोली, मुलींचा हिरमोड, माझं तोंड, माझं न उघडणारं तोंड. मी सगळं ऐकलं. शेवटी ती म्हणाली, “भावोजी, मला वाटलं तुम्हाला ती नकोच आहे. तिलाही तेच वाटत होतं.” आणि रडायला लागली, आणि मग आम्ही तिघंही.

बटणने बॅग उघडली नाही. दाराजवळच ठेवली. “तुमच्याकडे दर सहा महिन्यांनी आढावा असतो ना, बाबा? तसंच करू. आत्ता राहते. सहा महिन्यांनी बघू.”

मी मान्य केलं. बॅग दाराजवळ दिसत राहील. दिसू दे.

मेहुणी दुपारी परत गेली. संध्याकाळी बटणने वही आणली आणि एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “दोघांनी वेगवेगळं काढायचं. ताई आणि तू काढता तसं.”

“ठीक. भाजक कुठला?”

“जुना. आठ.”

“आकडा फार खाली येईल.”

“येऊ दे. आणि आईचा रकाना काढायचा नाही. रेघ मार, पण रकाना ठेव.”

मी रकाना आखला, पन्नास वजन लिहिलं आणि पुढे रेघ मारली. मग तिला तिचे गुण विचारले. तिने विचार केला. “काल विचारलं असतंस तर दोन. आज चार. तुझे?”

मी सात लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. “तीन.”

ती आतल्या खोलीत गेली, मी टेबलाशी बसलो. माझं उत्तर साडेसत्तावीस. बारा वर्षांतला सर्वांत खालचा आकडा. १३ फेब्रुवारीला तो पडायचा होता, तो आज पडला. मला बरं वाटलं नाही, पण वाटलं. एवढं डॉक्टरांना सांगेन.

ती कागद घेऊन आली. तिचं उत्तर साडेबावीस. जुळत नव्हतं.

मी दोन्ही कागद तपासले. तिची बेरीज बरोबर होती. फरक घराच्या गुणांत. मी आठ धरले होते, तिने चार.

“चार कसे? नळ तर दुरुस्त झालाय.”

“नळ म्हणजे घर का, बाबा?”

आम्ही बराच वेळ वाद घातला. मी छप्पर, खिडक्या, विजेच्या ताराही मोजून दाखवल्या. तिने ऐकलं नाही. ऑफिसात असं झालं असतं तर जुळेपर्यंत उठलो नसतो. शेवटी वहीत दोन्ही आकडे लिहिले, २७.५० आणि २२.५०, आणि खाली दोघांनी सह्या केल्या. माझी सही नेहमीसारखी आली नाही.